जुन्या गंजाची डबी

४ नोव्हेंबर, सोमवार

नमुन्याला पाठवलेला तीन नंबरचा रणगाडा परत आला! खोक्यात, कापसात गुंडाळून. सोबत चिठ्ठी – 'हा पोचा कशाने आला?' बस, एवढंच. वर मायना नाही, खाली नाव नाही.

कशाने आला म्हणजे? ब्रशने आला. मी आणला. पण सर्वेअरला असं सांगून भागत नाही. हा माणूस विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो. दिवसभर खऱ्या गाड्यांचे पोचे बघायचे आणि घरी जाऊन मित्रांबरोबर टेबलावर लढाई मांडायची. तळहाताएवढे रणगाडे, बोटाच्या पेराएवढे सैनिक. ते नवेकोरे दिसले तर याला करमत नाही. लढून, पडून, चिखलातून आलेले दिसायला हवेत, आणि प्रत्येक ओरखड्याला कारण हवं. सैनिक जिथे पाय देऊन चढतो तिथे रंग उडायला हवा, झाकणाच्या कडेला हात घासून घासून धातू उघडा पडायला हवा. 'पोचा खोटं बोलत नाही मॅडम, माणसं बोलतात,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांत पन्नास वेळा ऐकलं असेल.

पण त्याचंच खरं आहे. तीन नंबरचा पोचा मी उगाच घातला होता, दिसतो छान म्हणून. त्याने पकडला.

बारा रणगाडे, चाळीस सैनिक. तीस तारखेला, शनिवारी अकरा वाजता तो स्वतः न्यायला येणार. पाच रणगाडे झाले. म्हणजे चार. तीन नंबर परत आला ना!

त्याला माझी सहीही माहीत आहे. वीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये नवे दात जुने दिसतील असे रंगवले – शेजारच्या दाताला शोभेल असा पिवळेपणा, चहाचा डाग, एखादी केसाएवढी चीर. किती लोक माझं काम तोंडात घेऊन फिरतात, पण दातावर सही करता येत नाही. ती हौस आता भागवते. प्रत्येक रणगाड्यावर जो सगळ्यात मोठा पोचा, त्याच्या खाली डावीकडे तीन ठिपके. सुईच्या टोकाएवढे, मधला जरा खाली. बघणाऱ्याला वाटतं रंग उडालाय. सर्वेअरने पहिल्याच खेपेला भिंगातून शोधून काढले. तेव्हापासून आला की आधी सही शोधतो, मग चहा घेतो. आणखी कुणाला ठाऊक नाही. धाकट्या भावालाही नाही, आणि त्याला माझं ठाऊक नाही असं फार थोडं आहे.

६ नोव्हेंबर

कुलूपवाल्याला काल संध्याकाळी गाडीने उडवलं. गोदामाच्या वळणावर. उडवणारा पळून गेला. चाळीस मिनिटं तसाच पडून होता म्हणे, कुणीतरी येईपर्यंत. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही. एका बाईने लांबून पांढरी गाडी जाताना पाहिली, बाकी काही नाही.

आपल्या कोपऱ्यावरचा कुलूपवाला! या घराच्या प्रत्येक कुलपाची किल्ली त्याने घासलेली. मी एकदा किल्ली हरवून दारात बसले होते तर हातातला घास टाकून आला होता.

भावजय ऐकून रडायलाच लागली. सातवा महिना आहे तिचा, हल्ली काहीही झालं की डोळ्याला पाणी. धाकटा जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला. कामाला मात्र गेला – हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी लाँड्रीतून पोचवायच्या असतात, त्या थांबत नाहीत.

तीन नंबरवर बसले, पण हात चालेना.

७ नोव्हेंबर

पोच्याला कारण सापडलं – दुसऱ्या रणगाड्याने मागे येताना घासला. समोरच्या, पाच नंबरच्या मागच्या कोपऱ्यावर त्याच उंचीवर ओरखडा घातला. आता विचारू दे!

९ नोव्हेंबर

'गंज – जुना' रिकामी.

माझ्या डब्या एका ओळीत असतात: गंज – ताजा, गंज – जुना, चिखल – ओला, चिखल – वाळका, काजळी, धूळ. घरात कुणी विचारलं की चिखल कुठे ठेवलाय, तर मी न बघता सांगेन. जुना गंज मी गेल्या महिन्यात गळ्यापर्यंत भरून ठेवला होता. तीन तपकिरी, चिमूटभर नारिंगी, विटेची वस्त्रगाळ पूड. बाजारात मिळत नाही, माझा मी करते. वर्षभर पुरतो. आज उघडली तर तळाला बोटाला लागेल एवढाच. स्पंजाचा एक तुकडाही कमी आहे.

भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, डोहाळे लागलेत खरे, पण गंज खावासा अजून वाटला नाही." दोघी खूप हसलो. धाकटा शेजारी उभा होता, तो हसला नाही.

सांडला असेल माझ्याच हातून. वय झालं.

१० नोव्हेंबर, रविवार

धाकट्याने आज व्हॅन धुतली नाही. सहा वर्षांत पहिला रविवार. एरवी बादली, फडकं, मोठ्या आवाजात गाणं – सगळी गल्ली वैतागते. भावजय म्हणाली, मी पुसते वरवर. तर तिच्यावर खेकसला. नंतर म्हणे, या दिवसांत वाकायचं नाही, म्हणून बोललो. व्हॅन अंगणात लावतो तीही हल्ली डावी बाजू भिंतीला पार चिकटवून. मांजर जाणार नाही एवढी फट.

मनात काहीतरी वळवळलं. लिहून ठेवत नाही.

१२ नोव्हेंबर

सिलिंडरच्या टेम्पोवाल्याला पकडलं. रोज त्याच वळणावरून जातो, टेम्पो पांढरा, पुढे डावीकडे पोचा. अख्ख्या गल्लीला आता खात्रीच पटली आहे. पेपरवाला म्हणतो, मला त्याची नजर पहिल्यापासून ठीक वाटली नव्हती. कालपरवापर्यंत त्याच्याच खांद्यावर हात टाकून गप्पा मारत होता. पडत्या झाडावर कुऱ्हाड चालवायला सगळे पुढे.

कुलूपवाल्याची बायको आता त्याच्या जागी बसते. सकाळी दवाखाना, दुपारी टपरी. किल्ल्या घासता येत नाहीत तिला, झालेल्या किल्ल्या तेवढ्या देते. मला हाक मारली आणि किल्ली हातात ठेवली. म्हणाली, "तुमच्या भावाने टाकली होती, मागच्या दाराची. त्यांनी त्याच दिवशी करून खिशात ठेवली होती, जाता जाता घरी देतो म्हणाले. दवाखान्यात कपड्यांबरोबर मिळाली."

किल्लीचे दाते अजून चकचकीत आहेत. नवीन धातू. मी घरी येऊन लावून पाहिली. एका झटक्यात दार उघडलं.

१३ नोव्हेंबर

पाहिलं.

सकाळी धाकटा अंघोळीला गेला तेव्हा व्हॅनची किल्ली घेऊन ती भिंतीपासून हातभर लांब घेतली. भिंतीकडची बाजू बघितली.

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर पोचा. आतून ठोकून पुष्कळसा बाहेर काढलेला, पण आहे. त्याच्यावर गंज – चार वर्षांचा वाटेल असा. कडेला रंगाचे पोपडे, खाली तपकिरी ओघळ. चालता माणूस दुसऱ्यांदा बघणारही नाही. माझा गंज! मी माझा गंज अंधारात वासावरून ओळखेन.

मी तिथेच उभी राहून चुका मोजत होते. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच. एक, गंज सगळीकडे सारखा, खाचेत जास्त नाही आणि कडेला कमी नाही. दोन, पोपड्यांच्या खाली धूळ बसलेली नाही. आणि तीन. ओघळ वर चढत होते. कोपऱ्यापासून काचेकडे! पोचा आतून ठोकायला त्याने बॉनेट उघडलं असणार आणि तसंच उघडं ठेवून रंगवलं. ओघळ तेव्हा खालीच गेले. बॉनेट लावलं आणि ते उलटे झाले. पाणी कधी वर चढतं का?

ओघळ नेहमी खाली – हे मीच त्याला शिकवलंय. लॅब बंद पडल्यावर मी हे काम सुरू केलं तेव्हा तो शेजारी स्टूल घेऊन तासन्‌तास बसायचा. स्पंज कसा टेकवायचा, टर्पेंटाइनने ओघळ कसा ओढायचा, सगळं विचारायचा. मला वाटायचं, ताईच्या कामाचं कौतुक आहे हो पोराला.

व्हॅन होती तशी लावून ठेवली.

१४ नोव्हेंबर

विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

विचारलं.

भावजय तपासणीला गेली होती. मी रिकामी डबी त्याच्यापुढे ठेवली. तो डबीकडे बघत राहिला आणि मग खाली बसला, अगदी जमिनीवर. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी एकोणीस. तेव्हाही असाच बसला होता, भिंतीला पाठ लावून.

फोन वाजला, खाली बघितलं, वर बघेपर्यंत धडक. एवढंच सांगितलं त्याने. मी विचारलं, गाडी थांबवलीस? थांबवली. उतरलास? उतरला.

"मग?"

"त्याने माझ्याकडे बघितलं, ताई. ओळखलं मला. म्हणाला, तुझी किल्ली झालीय."

मग मी म्हटलं, तो बोलत होता. शुद्धीवर होता. तू उचलून दवाखान्यात नेलं असतंस तर. तो म्हणाला, घाबरलो. हिचे दिवस भरत आलेत, व्हॅन गेली, लायसन गेलं, मी आत गेलो तर हिचं काय? मला वाटलं कुणीतरी येईलच दोन मिनिटांत.

चाळीस मिनिटं लागली यायला.

मी टेम्पोवाल्याचं नाव काढलं. तो म्हणाला, त्याचा काही संबंध नाही, सोडतील त्याला. मग माझे पाय धरले. माझ्या भावाने माझे पाय धरले! आईची शपथ घे म्हणाला. म्हण, की माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. मी म्हणत नव्हते. तेवढ्यात फाटक वाजलं, भावजय आली, आणि मी घाईघाईने म्हणून टाकलं. आईची शपथ, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

आईने जाताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. दिलेला हात सोडायचा कसा ते काही सांगितलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजही व्हॅन धुतली नाही. आता गल्लीलाही सवय झाली.

आठ रणगाडे पूर्ण. काम इतकं चांगलं याआधी झालं नव्हतं. सात नंबरच्या पुढच्या कोपऱ्यावर मी एक पोचा घातला आणि तो बॉनेटवरच्यासारखा झाला. पुसून टाकला. पुन्हा घातला, पुन्हा तसाच झाला. आता राहू दिलाय. बोटांना दुसरं काही सुचत नाही.

भावजय बाळाची टोपी विणते आहे, पिवळी. मला दाखवते, विचारते कशी झाली. छान झाली म्हणते मी. तिच्याकडे बघवत नाही.

२० नोव्हेंबर

सर्वेअरचा फोन. आधी रणगाड्यांची चौकशी, मग म्हणाला, तुमच्याच भागातल्या एका टेम्पोचं काम आलंय माझ्याकडे. मी खुर्चीचा हात धरून बसले.

त्याने टेम्पो तपासला. पोचा जुना आहे म्हणाला, निदान दोन वर्षांचा. पोपड्यांच्या कडा वळलेल्या, आत धूळ घट्ट बसलेली, गंज खाली पत्र्यापर्यंत खात गेलेला. तसं लेखी दिलं. पण ऐकतो कोण? पोलीस म्हणतात, जुन्या पोच्यावरच नवा मार बसला असेल. हा नाही तर दुसरी गाडी दाखवा. टेम्पोवाला रोज एकच सांगतो म्हणे, की मी त्या वेळी पलीकडच्या गल्लीत सिलिंडर चढवत होतो. ज्या घरी चढवला त्यांना दिवस आठवत नाही.

"दुसरी गाडी कुठून दाखवू मी?" सर्वेअर म्हणाला. "पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत?"

मी म्हटलं, खरंय. तो म्हणाला, जाऊ द्या, तीसला अकरा वाजता येतो, भिंग घेऊन. सही शोधल्याशिवाय चहा नाही.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आईची शपथ पाळली. शपथ पाळल्याचं पुण्य लागतं म्हणतात. कुठे लागतं ते अजून कळलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

दवाखान्यात जाऊन आले.

कुलूपवाला डोळे मिटून पडलेला. एवढासा झालाय. उजवा हात चादरीवर, आणि बोटं मधूनच हलतात – अंगठा आणि पहिलं बोट, पुढे मागे, पुढे मागे. बायको म्हणाली, किल्ली घासतात हो. डॉक्टरांना वाटतं झटका आहे, मला कळतं ना. मग म्हणाली, डॉक्टर म्हणतात अर्धा तास आधी आणलं असतं तर एव्हाना उठून बसले असते. तिने कुणावर रागवून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं.

चादरीच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याची खूण होती. धाकट्याच्या लाँड्रीची. दर दोन दिवसांनी तोच इथे चादरी टाकून जातो, खालच्या मजल्यावर, मागच्या दाराने.

मी त्या बाईचा हात हातात घेऊन बसले होते. तिने मला पाणी दिलं. मला!

२५ नोव्हेंबर

चाळीसही सैनिक झाले. कुणाच्या बुटांना ओला चिखल, कुणाच्या वाळका. एकाला आडवा ठेवलाय, पडलेला. सर्वेअरने मागितला नव्हता.

२६ नोव्हेंबर

कुलूपवाला पहाटे गेला.

२७ नोव्हेंबर

धाकटा काल रात्री घोरत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी माझ्या खोलीत पडून ऐकत होते.

सकाळी दोनदा मागून जेवला. अंत्ययात्रेला जाऊन आला, खांदाही दिला म्हणे. भावजय कौतुकाने सांगत होती, यांचा जीव होता हो त्यांच्यावर. मी ताटावरून उठले.

दुपारी माझ्या कामाच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. म्हणाला, आता बोलणारं कुणी राहिलं नाही. मी म्हटलं, टेम्पोवाला आहे ना आत. आता तर माणूस मेलाय, त्याच्यावर तेवढं मोठं कलम लागेल. तर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"त्याला ना बायको, ना पोर. एकटा जीव. त्याच्या मागे रडायला कुणी नाही, ताई."

नऊ वर्षांच्या पोराला मी भात भरवला, शाळेत नेलं, ताप आला की उशाशी बसले. त्यातून हे वाक्य निघालं. कुठे चुकले असेन? शोधते आहे.

मग मुद्द्यावर आला. शनिवारी सर्वेअर येणार, व्हॅन अंगणात असणार. मी म्हटलं, घेऊन जा कुठेतरी. नाही म्हणाला. शनिवारी सकाळी ती इथेच असते, सगळ्यांना माहीत आहे. लपवली तर संशय. त्यापेक्षा उभी राहू दे, भिंतीपासून लांब, उजेडात. "सर्वेअरने बघितली आणि काही बोलला नाही, तर जगात कुणी बोलणार नाही. त्याच्या नजरेतून सुटली की सुटलोच." विचार करून ठेवला होता त्याने सगळा. ओघळ उलटे आहेत हेही त्याच्या लक्षात आलं होतं, पण दुरुस्त करता येईना.

"तूच नीट करून दे, ताई. तुझ्यासारखा हात कुणाचा आहे?"

मी म्हटलं, बघते.

२८ नोव्हेंबर

कुलूपवाल्याच्या टपरीसमोरून गेले. बायको बसली होती. जुन्या किल्ल्या एका तारेत ओवत होती, कुठली किल्ली कुणाची तिला माहीत नाही. मला म्हणाली, टेम्पोवाल्याच्या तोंडावर मी थुंकून आले काल. चौकीत जाऊन. तो नुसता रडत होता.

मग म्हणाली, "बरं झालं की नाही?"

मी मान हलवली. होय की नाही ते मलाच कळलं नाही.

घरी येऊन विटेची पूड वस्त्रगाळ केली. तीन तपकिरी, चिमूटभर नारिंगी. डबी भरली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं.

भावजय दुपारची झोपली होती. फाटकाला आतून कडी लावली. धाकट्याने व्हॅन अंगणाच्या मधोमध आणली. मी बॉनेट लावूनच घेतलं, उघडं ठेवून काही करायचं नाही म्हटलं. आधी टर्पेंटाइनने त्याचं सगळं काम पुसून काढलं. खालून खरा पोचा निघाला. ताजा, पांढऱ्या रंगाला तडे गेलेले, पत्रा उघडा. कडेला एका जागी काहीतरी अडकलं होतं, दोऱ्याचा तुकडा, राखाडी. कुलूपवाल्याचा स्वेटर राखाडी होता. धाकटा दुसरीकडे बघत होता. मी तो दोरा चिमट्याने काढून कागदात ठेवला.

मग सुरुवातीपासून. कडेच्या पोपड्यांना स्पंजाने गडद तपकिरी, आत अगदी बारीक उजळ रेघ. खाचेत जुना गंज, दाबून, कडेला येता येता विरळ. धूळ. दोन पावसाळे गेलेत असं समजून ओघळ, कोपऱ्यापासून खाली बंपरकडे, एक लांब, दोन आखूड, एक मध्येच थांबलेला. बंपरवर जिथे ओघळ टेकतो तिथे डाग. पोच्याला कारणही दिलं: लाँड्रीच्या फाटकाचा खांब. त्या उंचीवर हिरव्या रंगाची नखाएवढी खूण, फाटक हिरवं आहे ना.

अडीच तास. हात एकदाही थरथरला नाही. इतकं मोठं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि इतकं चांगलंही. मध्ये एकदा मी चक्क गुणगुणत होते! पाप करताना हात आडवा येत नाही. जीभ आडवी येते, पोट आडवं येतं, पण हाताला काही कळत नाही. तो बिचारा शिकवलेलं करतो.

धाकटा डब्या धरून उभा होता, मी हे काम सुरू केलं तेव्हा धरायचा तशाच. झाल्यावर चार पावलं मागे जाऊन बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ताई, तू आईच आहेस माझी. हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. किती वर्षं वाटत होतं त्याने म्हणावं.

मग हात धुवायला आत गेला. मी ब्रश पुसत थोडा वेळ तिथेच थांबले.

संध्याकाळी भावजयीने बाळाची टोपी पूर्ण केली. माझ्या मुठीवर चढवून बघितली. बसली बरोबर.

३० नोव्हेंबर, शनिवार

पावणेअकरा. बाहेर लख्ख ऊन. व्हॅन उजेडात उभी आहे, धाकटा शेजारी फडकं घेऊन, शीळ घालतोय. रणगाडे टेबलावर मांडलेत. चहाचं आधण ठेवलंय.

तोंडातून शब्द काढला नाही, काढणारही नाही. काल तो हात धुवायला गेला तेव्हा सगळ्यात बारीक, शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि पोच्याच्या खाली, डावीकडे, तीन ठिपके घातले. मधला जरा खाली. आता जे त्याचं होईल ते माझंही होईल. दोऱ्याचा कागद या वहीत आहे.

फाटक वाजलं. सर्वेअर आत आलाय, आणि व्हॅनपाशी थांबलाय. खिशातून भिंग काढतोय.